शिल्पाचा टी-शर्ट: संग्रहालयांची दुकानं आणि ग्राहक यांच्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटी संग्रहालयं, शिल्पकारांचे कुटुंबीय, कला महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि असे टी-शर्ट हौसेने विकत घेणारे रसिक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याची माहिती भारतापुरती आहे. परदेशातल्या विक्रीबद्दल प्रश्न २० पाहा. मोठी ऑर्डर देण्याआधी करार वकिलाच्या नजरेखालून घालून घ्या.

१. टी-शर्टवर शिल्पाचा फोटो छापावा की चित्र?

रस्ते तीन आहेत. पहिला, फोटोचे बारीक ठिपके करून छापणं. यात दगडाचा खरखरीतपणा, ब्राँझवरचा उजेड असं सगळं येतं, पण छपाई नाजूक होते. दुसरा, दोन-तीन सपाट छटांमधलं चित्र. तिसरा, नुसती बाह्याकृती, एका रंगात.

पृष्ठभाग हाच ज्या शिल्पाचा प्राण आहे, त्याला फोटो हवा. रामकिंकर बैज यांचं शांतिनिकेतनमधलं 'संथाल कुटुंब' (१९३८) सिमेंट आणि जांभ्याच्या खड्यांचं आहे. त्याची बाह्याकृती काढली तर खडे जातात आणि खड्यांबरोबर शिल्पही जातं. उलट, कॉन्स्टन्टिन ब्रांकुझी यांचा 'अवकाशातला पक्षी' एका रेषेत उतरतो. तिथे फोटो घेतला तर त्यावरची प्रतिबिंबंच जास्त दिसतात.

२. कुठलं शिल्प टी-शर्टवर शोभेल, हे आधीच कसं कळणार?

शिल्पाचा फोटो संगणकावर पूर्ण काळा भरा, ३ सेंटिमीटर उंचीचा करा आणि ज्याने ते शिल्प पाहिलेलं आहे अशा माणसाला दाखवा. त्याने लगेच ओळखलं तर एका रंगात काम होईल. ओळखलं नाही, तर फोटो किंवा छटांचं चित्र लागेल. त्यानेही ओळख पटत नसेल तर ते शिल्प पोस्टकार्डासाठी ठेवा.

हेन्री मूर यांच्या शिल्पांमधली भोकं, जियाकोमेत्तींच्या 'चालणारा माणूस' (१९६०) मधले काटकुळे पाय, रोदँच्या 'विचारवंता'ची हनुवटीखालची मूठ या जागा लहान आकारातही टिकतात. दोन-तीन आकृती एकमेकींत गुंतलेल्या असतील तर बाजू बदलून पाहा. समोरून गठ्ठा वाटणारं शिल्प पाऊण बाजूने एकदम मोकळं होतं. शिल्पाभोवती किमान आठ ठिकाणी थांबून फोटो काढा आणि मग बाजू ठरवा. शिल्पकार हयात असेल तर त्याला किंवा तिलाच विचारा. बहुतेकांची एक लाडकी बाजू असते आणि ती बहुधा बरोबर असते.

३. मोबाइलवर काढलेला फोटो चालेल का?

पिक्सेलच्या हिशेबाने चालतो. ३० सेंटिमीटर रुंद प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) हवी असेल तर सुमारे ३,५५० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल ४,००० च्या आसपास देतो. अडचण लेन्सची असते. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते. जवळ जाऊन फोटो काढला की पुढे आलेला हात किंवा गुडघा फुगतो आणि डोकं लहान होतं. शिल्पाच्या उंचीच्या तीन-चार पट लांब उभे राहा आणि दुपटीची किंवा तिपटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. फुल-फ्रेम कॅमेरा असेल तर ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स घ्या. कॅमेरा शिल्पाच्या मध्यावर धरा. जमिनीवरून वर पाहिलं की पुतळा मागे पडतोय असं वाटतं.

उजेड एका बाजूने, साधारण ४५ अंशातून हवा. समोरून फ्लॅश मारला की घडण सपाट होते. मागे एकरंगी कापड लावा, नाहीतर कडा कापून काढण्यात दिवस जातो. चकचकीत धातूच्या दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करा. त्यांची काळी रेघ कडेवर पडते आणि गोलाई उठते.

फोटो काढणाऱ्याचाही स्वतंत्र कॉपीराइट असतो. बाहेरचा छायाचित्रकार पैसे देऊन लावलात तर वेगळा करार नसल्यास तो तुमच्याकडे येतो (प्रश्न ४ पाहा), तरी ते लेखी करून घ्या. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोत दोन हक्क मोडतात: शिल्पकाराचा आणि छायाचित्रकाराचा.

४. शिल्प आमच्या संग्रहालयाच्या मालकीचं आहे. मग परवानगी कोणाची घ्यायची?

वस्तूची मालकी वेगळी आणि कॉपीराइट वेगळा. शिल्प विकत घेतलं, दान मिळालं, पन्नास वर्षं सांभाळलं, तरी त्याच्या प्रतिमा छापून विकण्याचा हक्क आपोआप येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार त्रिमितीतल्या कलाकृतीचं द्विमितीत रूप करणं हेसुद्धा पुनरुत्पादन आहे. टी-शर्टवरचं चित्र म्हणजे तेच.

इथे एक बारकावा सारखा सुटतो. पैसे देऊन फोटो, चित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट करवून घेणाऱ्याकडे जातो (कलम १७). त्या यादीत शिल्प नाही. म्हणून संस्थेने पैसे देऊन घडवून घेतलेल्या शिल्पाचाही कॉपीराइट सहसा शिल्पकाराकडेच राहतो. तो लेखी हस्तांतरित झाला असेल किंवा शिल्पकार नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून शिल्प घडलं असेल, तर गोष्ट वेगळी. सरकारच्या निर्देशाखाली झालेलं काम 'सरकारी काम' ठरू शकतं आणि तिथे वेगळा करार नसेल तर पहिला हक्क सरकारचा. त्यामुळे कपाटातली जुनी फाइल आधी काढा: कामाचा आदेश, पावत्या, दानपत्र. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

५. कॉपीराइट किती वर्षं चालतो?

शिल्पकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ही मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. म्हणजे मृत्यूच्या सालात ६० मिळवा. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला हक्क संपतो.

'मंदिरपथगामिनी' घडवणारे गणपतराव म्हात्रे १९४७ मध्ये गेले. २००७ अखेर हक्क संपला. ब्रांकुझी १९५७ मध्ये गेले, भारतात हक्क २०१७ अखेर संपला. जियाकोमेत्ती १९६६, म्हणून २०२६ अखेरपर्यंत. अलिबागजवळच्या सासवण्याचे नानासाहेब करमरकर १९६७ मध्ये गेले, म्हणून २०२७ अखेरपर्यंत. आदी दावियरवाला (१९७५) २०३५ पर्यंत, रामकिंकर बैज (१९८०) २०४० पर्यंत, पिलू पोचखानवाला आणि हेन्री मूर (दोघेही १९८६) २०४६ पर्यंत, लुईझ बुर्ज्वा (२०१०) २०७० पर्यंत.

दोघांनी मिळून केलेल्या कामात शेवटी गेलेल्याचं साल धरतात. सरकारी कामाला मृत्यूचं साल लागू नाही. तिथे काम प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. आणि ब्राँझची प्रत आज ओतली म्हणून मुदत आजपासून सुरू होत नाही. कायद्याच्या व्याख्येत साचे आणि ओतीव प्रती शिल्पातच येतात.

६. शिल्प चौकात किंवा बागेत कायमचं उभं आहे. त्याचा फोटो तर कोणीही काढतो. टी-शर्टला परवानगी लागेल का?

कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(t) भारतात बरंच उदार आहे. सार्वजनिक जागी, किंवा लोकांना जिथे प्रवेश आहे अशा आवारात, कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचं चित्र, रेखाचित्र, कोरीव छाप किंवा छायाचित्र करणं आणि प्रसिद्ध करणं हे उल्लंघन ठरत नाही. व्यापारी वापर वगळा, असंही तिथे लिहिलेलं नाही.

मर्यादा अशा. शिल्प कायमचं हवं; दोन महिन्यांच्या प्रदर्शनातलं किंवा दुसऱ्या संस्थेकडून तात्पुरतं आणलेलं चालत नाही. सूट फक्त सपाट प्रतिमेला आहे. शिल्पाची छोटी प्रतिकृती किंवा चावीची साखळी त्यात बसत नाही. 'टी-शर्ट' हा शब्द तरतुदीत नाही, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर विक्री करायची असेल तर लेखी संमती घेतलेलीच बरी. नैतिक हक्कांना या सुटीचा स्पर्श होत नाही (प्रश्न १० पाहा). संग्रहालयाच्या कायम दालनातलं शिल्प 'प्रवेश असलेल्या आवारात' बसतं असं म्हणता येईल. पण ज्या शिल्पकाराचं काम तुम्ही सांभाळता त्याला किंवा त्याच्या घरच्यांना न विचारता टी-शर्ट काढणं हे संग्रहालयाला शोभत नाही. आमचा सल्ला स्पष्ट आहे: विचारा, आणि रॉयल्टी द्या.

७. फोटो न वापरता मी स्वतः चित्र काढलं, किंवा एआयकडून काढून घेतलं, तर?

हात कोणाचा हा मुद्दाच नाही. बघणाऱ्याला ते शिल्प ओळखू येत असेल तर ते त्याचंच पुनरुत्पादन. तुमच्या रेषेवर तुमचा हक्क तयार होऊ शकतो, पण तो मूळ शिल्पाच्या हक्काच्या वर बसतो, त्याला पुसत नाही. एआयचंही तेच. शिवाय एआय शिल्पाची बोटं, तोल, चौथरा गुपचूप बदलतं. तीन ठिकाणी वेगळी झालेली आकृती खालच्या नावासकट विकली, तर ती शिल्पकाराच्या नावावर खपवलेली चूक होते.

८. शिल्पकाराशी किंवा वारसांशी करार करताना त्यात काय काय लिहायचं?

करार लेखीच हवा. त्यात शिल्पाचं नाव, कोणता फोटो किंवा चित्र (प्रत जोडा), कोणत्या वस्तूंवर, किती नग, कुठे विक्री, किती मुदत, किती मोबदला आणि हिशेब कधी, हे लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारत धरतो. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपल्याचं मानलं जातं, जर करारात वेगळं लिहिलं नसेल तर. दुकानाची कामं लांबतात, म्हणून हे वाक्य मुद्दाम घालून घ्या.

'सर्व प्रकारच्या वस्तू' असं मोघम लिहू नका. टी-शर्ट, कापडी पिशवी, पोस्टकार्ड अशी नावं घ्या. नमुना मंजूर करण्याचा हक्क शिल्पकाराला द्या आणि त्याला मुदत घाला, उदाहरणार्थ नमुना हातात पडल्यापासून १० दिवस. वारस अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या किंवा एकाच्या नावे मुखत्यारपत्र मागा. थोरल्या भावाने 'करा की' म्हटलं आणि बहिणीने नोटीस पाठवली, अशी भांडणं याच जागी उगवतात.

९. रॉयल्टी छापील किमतीवर मोजायची की विक्रीवर?

टक्का ठरवण्याआधी पाया ठरवा, कारण फरक पायामुळे पडतो. समजा छापील किंमत ९९९ रुपये, त्यात ५ टक्के जीएसटी. कर काढल्यावर ९५१ रुपये ४३ पैसे उरतात. त्यावर ८ टक्के म्हणजे ७६ रुपये ११ पैसे. तोच टी-शर्ट दुसऱ्या दुकानाला ४०० रुपयांना घाऊक दिला आणि रॉयल्टी घाऊक किमतीवर ठरली असेल, तर त्याच ८ टक्क्यांचे ३२ रुपये होतात. दोन्ही पद्धती चालतात, पण कुठली हे करारात आकड्यांच्या उदाहरणासकट लिहा.

छोट्या दुकानांना सगळ्यात सोपं म्हणजे नगामागे ठरलेली रक्कम, छापलेल्या नगांवर, छपाईच्या वेळीच. मग विक्रीचा हिशेब ठेवण्याची कटकट नाही आणि शिल्पकारालाही वाट पाहावी लागत नाही.

१०. कॉपीराइट संपलाय. आता शिल्पाला गॉगल घातला, रंग बदलला, अर्धं कापलं तर चालेल ना?

परवानगी लागत नाही, पण कलम ५७ उरतं. शिल्पकाराचा श्रेयाचा हक्क आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क, हे दोन नैतिक हक्क कॉपीराइट विकला तरी सुटत नाहीत. 'कॉपीराइटच्या मुदतीत केलेल्या' बदलांपुरती असलेली मर्यादा २०१२ च्या दुरुस्तीत काढून टाकली. मृत्यूनंतर कायदेशीर प्रतिनिधी हे हक्क चालवू शकतात.

या कलमाचं वजन अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात कळतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं आणि त्याची हानी झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

टी-शर्टच्या बाबतीत एका रंगात छापणं, मागची भिंत काढणं, एखाद्या भागाचा 'तपशील' असं लिहून जवळून फोटो देणं हे सहसा कोणाला खटकत नाही. चेहऱ्याऐवजी इमोजी, हातात शीतपेयाची बाटली, शिल्पावरून राजकीय घोषणा हे टाळा. शिल्प कापायचं असेल तर मानेवर, मनगटावर, घोट्यावर कापू नका. तिथे ते तुटलेलं दिसतं.

११. कापड कोणतं घ्यावं?

कोम्ब्ड कॉटन (विंचरलेल्या कापसाचं), सिंगल जर्सी (टी-शर्टची नेहमीची पातळ वीण), बायोवॉश केलेलं, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम). मुंबईच्या दमटपणात अंगावर सुसह्य आणि छपाईला पुरेसं घट्ट असं हे वजन आहे. १५० च्या खाली गेलात तर पांढऱ्या टी-शर्टमधून आतलं दिसतं आणि जड प्रिंटने कापड लोंबतं. २४० चा सैल टी-शर्ट तरुणांना आवडतो, पण मे महिन्यात खपत नाही.

बायोवॉशमध्ये वर आलेले तंतू निघून जातात. ते राहिले तर बारीक ठिपक्यांमधून वर येतात आणि दोन-तीन धुण्यांत प्रिंटवर पांढुरकी लव दिसू लागते. आटण्याचं प्रमाण पुरवठादाराला विचारा आणि स्वतः तपासा: टी-शर्टवर २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुऊन वाळवा, पुन्हा मोजा. १ सेंटिमीटर कमी भरला म्हणजे ४ टक्के आटला. ५ टक्क्यांच्या वर असेल तर लॉट परत करा.

१२. स्क्रीन प्रिंटिंग, डीटीजी की डीटीएफ?

पन्नासच्या वर नग आणि चारपर्यंत रंग असतील तर स्क्रीन, म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई दाबून छापणं. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते आणि तिचा खर्च सगळ्या नगांवर वाटला जातो. समजा एका फ्रेमला ५०० रुपये, रंग चार: २० नगांत दर नगामागे १०० रुपये, २०० नगांत १० रुपये.

डीटीजी म्हणजे कापडावर थेट शाई फवारणारं यंत्र. थोडे नग आणि फोटोसारखं काम असेल तर उत्तम. गडद कापडाला आधी द्रव मारून वाळवावा लागतो. तो कमी-जास्त झाला की पांढरी शाई ठिपकाळते किंवा भोवती चौकोनी डाग दिसतो.

डीटीएफमध्ये फिल्मवर छापून, गोंदाची पूड लावून, १५० ते १६० अंश सेल्सिअसला १२-१५ सेकंद दाबतात. स्वस्त, झटपट, कुठल्याही कापडावर. पण मोठा भरीव आकार असला की छातीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवल्यासारखं वाटतं आणि घाम अडकतो. शिल्पाच्या टी-शर्टवर आकार बहुधा मोठाच असतो, म्हणून आम्ही डीटीएफ खिशाजवळच्या छोट्या चिन्हापुरतंच सुचवतो.

फोटो स्क्रीनने छापताना इंचाला ४५ रेषांचे लंबगोल ठिपके, २२.५ अंश कोन आणि ९० टीची (सेंटिमीटरला ९० धाग्यांची) जाळी घ्या. ठिपके कापडावर पसरतात. संगणकाच्या पडद्यावर ५० टक्के दिसणारी करडी छटा छापल्यावर ७० च्या आसपास गडद दिसते. म्हणून फाइल डोळ्यांना जरा फिकी वाटेल इतकी उजळ ठेवा. पहिल्यांदा करणारे इथेच चुकतात आणि दोष छपाईवाल्याला देतात.

१३. काळ्या टी-शर्टवर ब्राँझ मळकट का दिसतं?

कारण तपकिरी शाई थेट काळ्यावर छापलेली असते किंवा खालचा पांढरा थर सगळीकडे सारखा दिलेला असतो. ब्राँझमध्ये गडद भाग जास्त. ते छापायचेच नाहीत, तिथे कापडाचा काळाच सोडायचा. पांढरा थर फक्त उजळ आणि मध्यम भागांखाली, ठिपक्यांत. तो थर फ्लॅशने (छपाईच्या हीटरने) कोरडा करून त्यावर तपकिरी, मग थोडा हिरवट किंवा पिवळसर, आणि शेवटी कडांवर दोन-तीन ठिकाणी पांढरी चमक. चार फ्रेममध्ये काम होतं. पांढरा थर वरच्या रंगापेक्षा एक पिक्सेल आत घ्या, नाहीतर रंगांची जुळणी जरा सरकली की आकृतीभोवती पांढरी किनार दिसते.

१४. चकचकीत स्टील किंवा पितळेसारखी चमक टी-शर्टवर आणता येईल का?

सोनेरी-चंदेरी शाई मिळते, पण तिच्यातले कण जाड असतात. ४३ टीची मोकळी जाळी लागते आणि बारीक रेषा बुजतात. फॉइल अधिक चमकतं, पण लवकर झिजतं.

आमच्या मते चमक दाखवावी ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी. आरसा रंगाचा नसतोच, त्यात समोरचं दिसतं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिकागोतलं 'क्लाउड गेट' १६८ स्टीलच्या पत्र्यांचं आहे. त्याचं चित्र काढताना वाकलेली क्षितिजरेषा आणि कमानीखालचा अंधार एवढं पकडलं की स्टील डोळ्यांना आपोआप दिसतं. छापण्याचा हक्क मात्र वेगळा. प्रश्न २० पाहा.

१५. प्रिंट किती मोठी आणि कुठे छापावी?

छातीवर २८ ते ३० सेंटिमीटर रुंद, गळ्याच्या पट्टीखाली ७-८ सेंटिमीटर सोडून. उभं, सडपातळ शिल्प असेल तर रुंदी विसरा आणि उंची ३६ सेंटिमीटरपर्यंत न्या. त्याहून खाली गेलं की पाय पोटाच्या वळणावर येतात आणि बसल्यावर दुमडतात. आडवं शिल्प, मूर यांच्या पहुडलेल्या आकृतींसारखं, छातीच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. वजन पोटावर आलं की अंगावर चांगलं दिसत नाही.

स्मॉलपासून डबल एक्सेलपर्यंत एकच फ्रेम वापरतात. लहान मुलांसाठी २० सेंटिमीटरची वेगळी फ्रेम करा.

१६. प्रिंट तडकते किंवा निघते, ते का?

प्लास्टिसॉल (प्लास्टिकयुक्त) शाई पूर्ण जाडीत १६० अंशांपर्यंत तापली नाही तर वरून कोरडी आणि आतून कच्ची राहते. बंदुकीसारख्या थर्मामीटरने फक्त वरचं तापमान कळतं, म्हणून फसगत होते. तपासणी सोपी आहे: थंड झालेली प्रिंट दोन्ही हातांनी ताणा. बारीक भेगा पडल्या आणि सोडल्यावर राहिल्या तर कच्ची. पाण्याच्या शाईत आधी पाणी उडावं लागतं, म्हणून तिला तापमानाबरोबर वेळही जास्त, दोन-तीन मिनिटं, लागते. पावसाळ्यात कापडातच ओल असते. तेव्हा शाई तापवणाऱ्या यंत्राचा पट्टा हळू चालवायला सांगा.

पूर्ण ऑर्डरआधी एका नमुन्याला पाच धुणी द्या. पॉलिस्टरमिश्रित गडद लाल किंवा मरून कापडावर पांढरी शाई काही तासांत गुलाबी होते. तो कापडाचा रंग उष्णतेने वर चढलेला असतो. शुद्ध सुती कापडावर हा त्रास नसतो.

१७. टी-शर्ट विकत घेतलाय. तो कसा धुवायचा?

उलटा करून, ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात, साध्या पावडरने. ब्लीच नको, ब्रशने घासणं नको. सावलीत उलटाच वाळवा. इस्त्री आतून, प्रिंटवर थेट फिरवली तर शाई वितळून इस्त्रीला चिकटते. नवा गडद टी-शर्ट पहिली दोन धुणी वेगळा धुवा.

१८. शिल्पकाराचं नाव कुठे लिहायचं?

टी-शर्टवरच, म्हणजे गळ्याच्या आतल्या छापील लेबलवर किंवा मागे खालच्या कडेला, ५-६ मिलिमीटर उंच अक्षरांत. फक्त लटकत्या कार्डावर लिहिलं तर ते पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं आणि पुढची पाच वर्षं तो टी-शर्ट बिननावाचा फिरतो. असं होऊ देऊ नका.

क्रम असा: शिल्पकार, शिल्पाचं नाव, वर्ष, माध्यम, संग्रह, मग छायाचित्रकार, हक्क चालू असेल तर कॉपीराइटचं चिन्ह आणि हक्कधारकाचं नाव. शिल्पकाराने दिलेलं नावच वापरा. 'क्लाउड गेट'ला लोक 'बीन' म्हणतात, पण लेबलवर 'बीन' लिहू नये. नावाचं शुद्धलेखन शिल्पकाराच्या सहीशी ताडून पाहा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत.

१९. पहिल्यांदा किती नग काढावेत? कर किती?

शंभर. स्मॉल १५, मीडियम ३०, लार्ज ३०, एक्सेल १७, डबल एक्सेल ८. पुढच्या वेळी स्वतःच्या विक्रीवरून बदला. शाळांच्या सहली येत असतील तर मुलांचे २० वेगळे. टी-शर्टचा रंग एकच ठेवा. दोन रंग केले की एकाचा साठा हमखास पडून राहतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्याला १८ टक्के. विणलेल्या टी-शर्टचा एचएसएन क्रमांक (करासाठी मालाच्या वर्गीकरणाचा) ६१०९.

२०. परदेशात विकायचे असतील तर?

ज्या देशात विक्री, तिथला कायदा. फ्रान्समध्ये मुदत मृत्यूनंतर ७० वर्षं आहे, म्हणजे भारतात मोकळे झालेले ब्रांकुझी तिथे किमान २०२७ अखेरपर्यंत मोकळे नाहीत. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी ब्रांकुझींचे तीन पक्षी घेतले होते. संगमरवराचे काळा आणि पांढरा आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, ब्राँझचा कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयात. त्यांचा टी-शर्ट इंदुरात विकणं आणि पॅरिसला पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत सार्वजनिक जागेची सूट इमारतींना आहे, शिल्पांना नाही. बागेतल्या 'क्लाउड गेट'चा टी-शर्ट तिथे परवानगीशिवाय विकता येत नाही. ब्रिटनमध्ये कायम सार्वजनिक शिल्पांना भारतासारखीच सूट आहे, तर फ्रान्समध्ये ती बिगरव्यापारी वापरापुरती. संकेतस्थळावरून जगभर विक्री सुरू ठेवली असेल तर करारात प्रदेश 'जगभर' आहे का ते पाहा, नाहीतर परदेशी ऑर्डर बंद ठेवा.

२१. गेटवेसमोरच्या शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचा टी-शर्ट काढायचाय. प्रश्न ६ ची सूट लागू होईल ना?

कॉपीराइटपुरती ती लागू होऊ शकते. पुतळा १९६१ पासून तिथे आहे आणि शिल्पकार सदाशिव साठे २०२१ मध्ये गेले. पण इथे दुसरा कायदा येतो. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायदा, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांची नावं व चित्रं आहेत. व्यापारासाठी ती वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. बाजारात असे टी-शर्ट दिसतात म्हणून ही अट नाहीशी होत नाही, आणि संग्रहालयाने तरी ती पाळावी. सारनाथच्या सिंहशीर्षाला २००५ चा राजचिन्हाचा वेगळा कायदा आहे.

२२. मला फक्त स्वतःसाठी एकच टी-शर्ट छापायचाय. तरी विचारू?

खासगी वापरासाठीचा रास्त उपयोग कायद्याला मान्य आहे. घरी एक छापून घातलात तर अडचण नाही. मित्रमंडळींकडून पैसे घेऊन वीस छापलेत की ते खासगी राहत नाही.

२३. कराराची मुदत संपली आणि चाळीस टी-शर्ट उरले. आता?

मुदत संपल्यानंतर विक्री चालू ठेवता येते की नाही हे करारावर अवलंबून आहे. म्हणून सुरुवातीलाच 'मुदत संपल्यावर १८० दिवस शिल्लक माल विकता येईल, नवीन छपाई करता येणार नाही' असं कलम घाला. ते नसेल तर हक्कधारकाला उरलेल्या नगांची साइझनिहाय यादी पाठवा आणि लेखी मुदतवाढ मागा. छपाईच्या वेळीच पूर्ण रॉयल्टी दिली असेल (प्रश्न ९) तर नकार क्वचित येतो. तोही आला, तर माल शिल्पकाराच्या कुटुंबाला किंवा कला महाविद्यालयाला भेट द्यायला त्यांची संमती घ्या. आणि फ्रेमवरचं चित्र धुऊन टाकल्याचं छपाईवाल्याकडून लिहून घ्या, कारण त्याच्या फडताळात राहिलेल्या फ्रेममधून पुढे कोणीतरी पुन्हा छापतं.